माझा वाटा कोणता?
(यहोशवा, अध्याय 13 ते 21 : काही हिब्रू शब्दांवर चिंतन)



पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा संकल्प आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी केला असेल. उत्पत्ती आणि निर्गम ही पुस्तके भराभर संपतात. यहोशवाच्या पुस्तकात यार्देन ओलांडून यरीहोचा तट कोसळेपर्यंत उत्साह टिकतो. मग तेरावा अध्याय येतो. तेथून एकविसाव्या अध्यायापर्यंत गावांची नावे, डोंगर, ओढे आणि सीमा यांची यादी सुरू होते. अमुक वंशाची सीमा येथून निघाली, तेथे वळली आणि समुद्राला जाऊन मिळाली. वाचणाऱ्याला वाटते, हे पवित्र शास्त्र आहे की तलाठ्याचे दप्तर? बहुतेक जण ही पाने उलटून पुढे जातात.

पण जमीन वाट्याला येणे म्हणजे काय हे ज्यांना अनुभवाने ठाऊक आहे, त्यांच्यासाठी ही पाने कोरडी नाहीत. आणि आपण तसे लोक आहोत. वाडी, विहीर, बांध, सातबारा, मोजणी हे शब्द आपल्या घरात रोज ऐकू येतात. यहोशवाच्या या नऊ अध्यायांतही असेच काही शब्द पुन्हापुन्हा येतात : गोराल, हेवेल, नहला आणि हेलेक. हे चार शब्द समजले की ही यादी बोलू लागते. (शेवटच्या तीन शब्दांतला 'ह' हिब्रू भाषेत घशातून उच्चारतात. मराठीत त्याला वेगळे अक्षर नाही.)

शिलो येथील सभा

प्रथम प्रसंग पाहू. यार्देनच्या पूर्वेकडील जमीन रऊबेन, गाद आणि मनश्शेचा अर्धा वंश यांना मोशेच्या हयातीतच मिळाली होती. पश्चिमेकडे यहूदा, एफ्राईम आणि मनश्शेचा उरलेला अर्धा वंश यांची वाटणी झाली. सात वंश अजून बाकी होते. तेव्हा सर्व मंडळी शिलो येथे जमली. हे ठिकाण यरुशलेमच्या उत्तरेस सुमारे 30 किलोमीटरवर आहे. तेथे दर्शनमंडप उभारण्यात आला आणि यहोशवाने त्या सात वंशांना खडसावले (18:3). तुम्ही किती दिवस असे ढिले बसणार, असा त्याचा रोख होता. त्याने वापरलेल्या क्रियापदात हात गळून पडण्याचा, सैल सोडण्याचा भाव आहे. देव देणार आहे म्हणून हातावर हात ठेवून बसावे, हे त्याला मान्य नव्हते.

मग प्रत्येक वंशातून तीन माणसे निवडली. सात वंशांची एकवीस माणसे सगळा देश पायी फिरली, गावागावांची नोंद त्यांनी ग्रंथात केली, त्या नोंदीचे सात भाग पाडले आणि ती शिलोला परत आली. त्यानंतर यहोशवाने परमेश्वरासमोर चिठ्ठ्या टाकल्या.

येथे माणसाचे काम आणि देवाचा निर्णय हातात हात घालून चालतात. पाहणी माणसांनी केली, नोंद माणसांनी केली. वाटप मात्र दर्शनमंडपाच्या दाराशी, देवाच्या साक्षीने झाले. श्रद्धा ठेवायची म्हणून कागदपत्रे दुर्लक्षित ठेवायची, हे शास्त्राचे शिक्षण नव्हे. आणि कागद आपल्या बाजूने आहेत म्हणून देवाला विचारायचेच नाही, हेही नव्हे.

1. गोराल : चिठ्ठी

आपल्या मराठी बायबलमध्ये जेथे 'चिठ्ठ्या टाकणे' असे येते, तेथे मूळ शब्द 'गोराल' आहे. या शब्दाचा मूळ अर्थ लहान खडा असावा असे भाषेचे अभ्यासक मानतात. कागदाची चिठ्ठी तेव्हा नव्हती, खडेच टाकले जात. पुढे खड्याने जो वाटा ठरला त्या वाट्यालाच गोराल म्हणू लागले. आजच्या हिब्रू भाषेत गोराल म्हणजे माणसाची नियती.

पण ही सोडत आपल्या लॉटरीसारखी नव्हती. गणनेच्या पुस्तकात (26:54-56) नियम दिला आहे. मोठ्या वंशाला मोठे वतन, लहान वंशाला लहान. माणसे किती हे मोजूनच जमीन किती हे ठरणार होते. मग खड्याचे काम काय? बलवान माणसाचा हात बाजूला ठेवणे हे खड्याचे काम होते. पाण्याची जागा मी आधी घेतो, खडकाळ भाग धाकट्याला राहू दे, असे म्हणण्याची सोय राहिली नाही.

आपल्या गावांतही वाटणीच्या वेळी सारखे वाटे पाडून चिठ्ठ्या टाकतात आणि घरातल्या लहान मुलाला त्या उचलायला सांगतात. कारण मुलाच्या मनात डाव नसतो. शिलोच्या सभेमागे हीच भावना आहे. नीतिसूत्रांचा ग्रंथ (16:33) सांगतो की खडा माणूस टाकतो, पण निर्णय परमेश्वराकडून येतो. माझ्या वाट्याला आलेल्या जागेत माझी हुशारी किती आणि मला मिळालेले दान किती, हा प्रश्न गोराल हा शब्द आपल्यापुढे ठेवतो.

योसेफाच्या वंशजांना मात्र आपला गोराल पटला नाही. आम्ही एवढे मोठे लोक, आणि आम्हांला एकच गोराल, एकच हेवेल का, अशी तक्रार त्यांनी केली (17:14). यहोशवा स्वतः एफ्राईमचा, म्हणजे योसेफाच्याच घराण्यातला. नात्यातल्यांचा तो रोष होता. पण त्याने आपल्या माणसांना झुकते माप दिले नाही. मोठे आहात ना, मग डोंगरावर चढा आणि रान तोडून जागा मोकळी करा, असे त्याने सांगितले. येथील 'रान तोडा' या क्रियापदाची तीन अक्षरे उत्पत्तीच्या पहिल्याच ओळीत देवाच्या निर्मितीसाठी वापरलेल्या क्रियापदाचीही आहेत. वाटा मिळतो, पण त्यात घाम घालावा लागतो.

2. हेवेल : मोजणीची दोरी

हेवेल म्हणजे दोरी. जमीन दोरीने मोजत, म्हणून दोरीने मोजलेल्या तुकड्यालाही हेवेल म्हणू लागले. आपल्याला हे नवे नाही. जमीन साखळीने मोजण्याची रीत आपल्याकडेही होती. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एक एकर, हा हिशेब त्या साखळीतूनच आला आहे.

यहोशवाच्या सतराव्या अध्यायात एक वाक्य सहज नजरेतून सुटते. मनश्शेच्या वंशाला यार्देनच्या पश्चिमेस दहा हेवेल मिळाले, असे तेथे म्हटले आहे (17:5). दहा कसे? मनश्शेच्या सहा घराण्यांना वाटा मिळायचा होता. त्यांपैकी पाच घराण्यांना पाच दोऱ्या. सहावे घराणे हेफेराचे. हेफेराचा मुलगा सलाफहाद याला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. त्या पाच जणींना पाच दोऱ्या. पाच आणि पाच दहा. पवित्र शास्त्राने या बहिणींची नावे झाकून ठेवली नाहीत. गणनेत आणि यहोशवात ती पुन्हापुन्हा, एकेक करून लिहिली आहेत.

हा हक्क त्यांना आपोआप मिळाला नाही. वडील वारल्यावर त्या पाच जणी दर्शनमंडपाच्या दाराशी मोशेपुढे, याजकापुढे आणि सर्व पुढाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. मुलगा नाही म्हणून आमच्या वडिलांचे नाव कुळातून का पुसावे, असे त्यांनी विचारले. मोशेने ही गोष्ट देवापुढे नेली. देवाने सांगितले की त्यांचे म्हणणे रास्त आहे (गणना 27). पुढे त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावे अशी अट आली (गणना 36). शिवाय भाऊ नसेल तरच मुलीला हक्क, ही त्या काळाची मर्यादा होतीच. तरीही वचन देऊन कितीतरी वर्षे झाल्यावर, प्रत्यक्ष वाटणीच्या दिवशी, त्यांना पुन्हा एकदा एलाजार याजक आणि यहोशवा यांच्यापुढे येऊन आठवण करून द्यावी लागली (यहोशवा 17:4). आणि मग दोरी पडली.

1910 साली प्राचीन शोमरोन नगराच्या उत्खननात शाई लावून लिहिलेली खापरे सापडली. ती ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातील आहेत. द्राक्षारस व तेल कोणत्या भागातून आले याची नोंद त्यांवर आहे. त्या भागांच्या नावांत नोआ आणि होग्ला ही नावे आहेत. बहिणींच्या नावावर पडलेली दोरी शेकडो वर्षांनंतरही त्यांच्याच नावाने ओळखली जात होती.

कालेबाची मुलगी अखसा हिचीही गोष्ट याच अध्यायांत आहे (15:16-19). तिला कोरड्या नेगेव प्रदेशातली जमीन मिळाली होती. ती गाढवावरून खाली उतरली आणि वडिलांकडे तिने 'बेराखा' मागितला. बेराखा म्हणजे आशीर्वाद. कोरडी जमीन दिलीत, आता पाण्याचे झरेही द्या. कालेबाने तिला वरचे झरे दिले आणि खालचेही दिले. मुलीने हक्काने मागितले, बापाने मन मोठे करून दिले, आणि शास्त्राने त्या देण्याला आशीर्वाद म्हटले.

बंधू-भगिनींनो, येथे मला थोडे स्पष्ट बोलू द्या. आपल्याकडे वडिलांच्या पश्चात बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. 'सही कर, माहेर तुटायला नको' असे प्रेमाने सांगितले जाते. काही बहिणी खरोखर आनंदाने सही करतात. त्यांचे मन मोठे आहे, त्यांच्याविषयी प्रश्न नाही. पण काही जणी भीतीने करतात. सही नाही केली तर सणाला बोलावणे येणार नाही, ही भीती. माहेराचे दार उघडे ठेवण्यासाठी बापाच्या जमिनीची किंमत मोजावी लागली, तर ते माहेर कसले? आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र केलेले नसेल तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. केरळात मेरी रॉय या ख्रिस्ती महिलेने यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. त्रावणकोरच्या 1916 च्या जुन्या कायद्याने मुलीला मुलाच्या वाट्याच्या चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळत असे. 1986 साली न्यायालयाने तिकडच्या ख्रिस्ती मुलींनाही 1925 चाच कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. सलाफहादाच्या मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या त्यानंतर इतक्या शतकांनी आपल्यातल्या एका बहिणीला पुन्हा तेच करावे लागले.

दोरीविषयी मीखा संदेष्ट्याचाही इशारा ऐकला पाहिजे. जे रात्री अंथरुणावर पडून दुसऱ्याच्या शेतावर डोळा ठेवतात आणि उजाडताच ते बळकावतात, त्यांना तो सांगतो की परमेश्वराच्या मंडळीत गोराल टाकून हेवेल लावणारा तुमचा कोणीही उरणार नाही (मीखा 2:1-5). ज्याने दुसऱ्याचा बांध सरकवला, त्याची स्वतःची दोरी देव गुंडाळून ठेवील. अनाथाच्या शेतात शिरू नका, कारण त्याचा कैवारी समर्थ आहे, अशी ताकीद नीतिसूत्रांतही आहे (23:10-11). बांध कोरायला वीतभर जागा पुरते. पण त्या वीतभर जागेसाठी दोन भाऊ एकाच मिस्सेला येऊन शांतीचा हात एकमेकांना देत नाहीत, तेव्हा त्या मिस्सेत काय चालले आहे याचा आपण विचार करावा.

3. नहला : वतन

मराठी बायबलने 'नहला' या शब्दासाठी 'वतन' हा शब्द निवडला. आपल्या इतिहासात वतन म्हणजे पिढीजात हक्काची जमीन किंवा उत्पन्न, आणि तिच्याबरोबर येणारे काम. पाटलाला वतन, कुलकर्ण्याला वतन. त्या व्यवस्थेला अन्यायाची काळी बाजूही होती. महार वतनाच्या नावाखाली माणसांना राबवले जात असे, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर कायद्याने वतने संपली. पण एक गोष्ट या शब्दात राहिली आहे : वतन मालाप्रमाणे विकत घेतलेले नसते. ते वरून दिलेले असते आणि त्याच्यासोबत जबाबदारी येते.

नहला या शब्दातही हेच आहे. ती बाजारात घेतलेली मालमत्ता नव्हे. ती पूर्वजांकडून आली आणि पुढच्या पिढीकडे जायची आहे. मूळ मालक कोण, हे लेवीय ग्रंथात (25:23) देव स्वतः सांगतो. जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ राहणारे परके व उपरी आहात, असा त्याचा आशय आहे. म्हणूनच पन्नासाव्या वर्षी, योबेल वर्षात, गरिबीमुळे विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी असा नियम होता. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात (क्र. 67) याच वचनाचा आधार घेऊन पृथ्वी आपल्या मालकीची नाही हे शिकवले. आणि त्याआधी सातशे वर्षांहून अधिक काळापूर्वी संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार मांडला होता. वस्तू सांभाळण्याचा आणि तिची व्यवस्था पाहण्याचा अधिकार एकट्याचा असू शकतो, पण तिच्या उपयोगाच्या बाबतीत गरजवंताला आपल्यातले देण्याची तयारी हवी.

नाबोथ हा साधा शेतकरी होता. राजवाड्याजवळ त्याचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तेथे भाजीचा मळा करायचा होता. त्याने बदल्यात यापेक्षा चांगला मळा किंवा रोख पैसे देऊ केले. व्यवहार म्हणून पाहिले तर नाबोथाचे नुकसान नव्हते. पण हा माझ्या वाडवडिलांचा नहला आहे, तो देणे देवाला आवडणार नाही, असे म्हणून त्याने नकार दिला. राजाला त्यात फक्त जमिनीचा तुकडा दिसत होता. शेवटी ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे करून नाबोथाचा बळी घेतला. मळ्याचा ताबा घ्यायला गेलेल्या राजाला एलीया संदेष्ट्याने मळ्यातच गाठले आणि खून करून वर ताबाही घेतलास काय, असा जाब विचारला (1 राजे 21). 'ताबा घेणे' यासाठी तेथे जे क्रियापद आहे, तेच यहोशवाच्या पुस्तकात देश ताब्यात घेण्यासाठी येते. देवाच्या हातून घेतले तर वतन. भावाच्या रक्तातून घेतले तर तोच शब्द पापाचा होतो.

एक अवघड प्रश्न

कोणीतरी विचारील, फादर, ही जमीन इस्राएल लोकांना मिळाली, पण आधी तेथे राहणाऱ्या कनानी लोकांचे काय? हा प्रश्न योग्य आहे आणि तो टाळू नये. या पुस्तकात युद्ध आहे, संहार आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली 'देई वेर्बुम' या दस्तऐवजात सांगितले की जुन्या करारात अपूर्ण आणि तात्पुरत्या गोष्टीही आहेत (क्र. 15). पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2010 साली 'वेर्बुम डोमिनी' मध्ये (क्र. 42) अशा अंधाऱ्या उताऱ्यांविषयी लिहिले आहे. देवाने आपली ओळख टप्प्याटप्प्याने, त्या काळच्या माणसांच्या समजुतीच्या पातळीवर उतरून करून दिली. हे उतारे ख्रिस्ताच्या प्रकाशात वाचायचे असतात. हे पुस्तकच मान्य करते की कनानी लोक इस्राएल लोकांमध्ये राहतच होते (16:10; 17:12-13). तेव्हा हे अध्याय हातात घेऊन कोणी कोणाला त्याच्या घरातून हाकलू नये. वतन देणारा देव कोणाच्या रक्ताने प्रसन्न होत नाही, हे आपल्याला क्रुसाखाली उभे राहिल्यावर कळले.

4. हेलेक : वाटा

आता शेवटचा शब्द. हेलेक म्हणजे वाटा, हिस्सा. सगळ्या वंशांना हेलेक मिळाला, पण एका वंशाला नाही. लेवीच्या वंशाला राहायला 48 गावे आणि गुरांसाठी गावाभोवतीची कुरणे मिळाली (अध्याय 21). शेतीवाडीचे वतन मिळाले नाही. का? कारण देवाने सांगितले होते की त्यांचा हेलेक आणि त्यांचा नहला मीच आहे (गणना 18:20; यहोशवा 13:33). नकाशावर त्यांचा रंग कोठेच नाही. पण ज्याच्या हातात नकाशा आहे, तोच त्यांचा.

आणि आता सोळावे स्तोत्र उघडा. सामान्य काळातील तेराव्या रविवारी, 'क' वर्षात, ते आपल्या मिस्सेत प्रतिसाद-स्तोत्र म्हणून येते. बाहेर पाऊस असतो, भाताची आवणी चालू असते आणि आत आपण 'प्रभू माझे वतन' या अर्थाची ओळ गातो. त्या स्तोत्राच्या पाचव्या आणि सहाव्या ओवीत आपले चारही शब्द एकत्र आले आहेत : हेलेक, गोराल, हेवेल आणि नहला. यहोशवाच्या पुस्तकातले मोजणीचे सगळे सामान स्तोत्रकर्त्याने उचलले आणि प्रार्थनेत मांडले. त्याच्याकडे जमीन असो वा नसो, दोरी रम्य जागी पडली आहे असे तो म्हणतो, कारण दोरीच्या आत त्याला परमेश्वर मिळाला आहे.

हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा गोरालसाठी बहुतेक ठिकाणी 'क्लेरोस' हा शब्द घेतला गेला. त्यावरूनच ख्रिस्तसभेत धर्मगुरूवर्गाला 'क्लेरूस' हे लॅटिन नाव पडले. संत जेरोम यांनी याचा अर्थ सांगितला आहे. धर्मगुरू हा प्रभूचा वाटा, किंवा प्रभू हा त्याचा वाटा. 1972 साली पोप पॉल सहावे यांनी केस कातरण्याचा जुना विधी रद्द करेपर्यंत, गुरुदीक्षेच्या वाटेवर पहिले पाऊल टाकणारा तरुण त्या विधीत सोळाव्या स्तोत्राची हीच ओवी म्हणत असे. मात्र संत पेत्र यांनी हा शब्द आणखी एका अर्थाने वापरला आहे. मेंढपाळांनी आपल्या वाट्याला आलेल्यांवर धनीपणा करू नये, असे ते सांगतात (1 पेत्र 5:3). तेथे वाटा म्हणजे लोक. म्हणजे मला जर कोणी विचारले की फादर, तुमचा सातबारा कोठे आहे, तर मी या धर्मग्रामाकडे बोट दाखवावे. मी तुमचा मालक नाही. तुम्ही माझ्या हाती सोपवलेला वाटा आहात.

दुसरा यहोशवा

जमिनीची वाटणी करणाऱ्याला स्वतःला काय मिळाले? सगळे वाटून झाल्यावर, अगदी शेवटी, यहोशवाला एफ्राईमच्या डोंगराळ प्रदेशातले तिम्नाथ-सेरह हे गाव मिळाले (19:49-50). वाढणारा शेवटी जेवला. घरातल्या कर्त्या माणसाने ही दोन वचने आपल्या सातबाऱ्याच्या फायलीवर लिहून ठेवावीत.

यहोशवा आणि येशू ही दोन्ही नावे मुळात एकच आहेत. अर्थ एकच : परमेश्वर तारण करतो. ग्रीक बायबलात तर दोघांचे नाव एकाच तऱ्हेने लिहिले आहे. म्हणून लूकच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. गर्दीतून एक माणूस येशूला म्हणाला, गुरुजी, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा (लूक 12:13). पहिल्या यहोशवाने हेच काम केले होते. पण या दुसऱ्या यहोशवाने नकार दिला. मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमले, असे त्याने विचारले, सर्व प्रकारच्या लोभापासून सावध केले आणि कोठारे मोठी करणाऱ्या श्रीमंताचा दाखला सांगितला. न्याय नको, असे तो म्हणाला नाही. पण दोरी लावण्याआधी मनातला लोभ मोजा, हे त्याला सांगायचे होते.

या दुसऱ्या यहोशवाला तर तिम्नाथ-सेरहसुद्धा मिळाले नाही. डोके टेकायला त्याला जागा नव्हती. अंगावरचे कपडे तेवढे होते. त्यांच्यासाठीही सैनिकांनी क्रुसाखाली चिठ्ठ्या टाकल्या. गोराल पडला आणि त्याचा झगा दुसऱ्याच्या वाट्याला गेला. ज्याने सर्व वाटून दिले त्याच्याकडे शेवटी देण्यासाठी स्वतःचे शरीर आणि रक्त उरले. सोळाव्या स्तोत्राच्या त्या ओवीत 'वाटा' या शब्दाच्या शेजारीच 'प्याला' हा शब्द आहे. वेदीवर आपण तोच प्याला पाहतो. रांगेत उभे राहून आपण ख्रिस्तशरीर स्वीकारतो तेव्हा मोठ्या भावाला मोठा तुकडा आणि धाकट्याला लहान, असे होत नाही. भाऊ आणि बहीण, जमीनदार आणि भाडेकरू, सर्वांना पूर्ण ख्रिस्त मिळतो. वाटल्याने कमी न होणारे हे एकच वतन आहे.

ज्याला हे वतन मिळाले आहे, त्याला गुंठाभर जागेसाठी भाऊ गमावणे परवडणार नाही. आणि बहिणीचा वाटा दाबून ठेवून या वाट्यासाठी हात पुढे करणेही त्याला जमणार नाही.

प्रार्थना करू या : हे प्रभो, आमच्या वाट्याला आलेली माती तुझी आहे. ती सांभाळण्याची बुद्धी दे, ती वाटून देण्याचे मन दे. ज्या घरांत वाटणीवरून अबोला आहे, तेथे तुझी शांती पाठव. आणि आमची दोरी कोठेही पडो, तूच आमचा वाटा हो. आमेन.

कुटुंबात एकत्र बसून विचार करण्यासाठी :

1. यहोशवा 17:3-6 आणि 18:1-10 मोठ्याने वाचा. या वाटणीत कोणाचे ऐकले गेले?
2. आपल्या घरातल्या वाटणीत कोणाचा वाटा राहून गेला आहे का? त्याविषयी कोणाशी बोलायला हवे?
3. घरातल्या थोरांनी मृत्युपत्र केले आहे का? ते करताना मुलगे आणि मुली यांचा सारखा विचार झाला आहे का?
4. या आठवड्यात रोज रात्रीच्या रोझरीनंतर सोळावे स्तोत्र म्हणा.

ख्रिस्ताच्या शांतीत,
तुमचा धर्मगुरू